नळाच्या गावी दिलेली बहीण

आमच्या पिंपळगावची विहीर फार खोल. दोर ओढून ओढून आईच्या तळहातांना घट्टे पडले होते. म्हणून थोरल्या बहिणीचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा वडिलांनी एकच हट्ट धरला, पोरगी नळाच्या गावी द्यायची. तेव्हा आपला वऱ्हाड प्रांत मध्यप्रांताला जोडलेला होता, राजधानी नागपूर. जवळच्या एका मोठ्या गावात नुकतेच नळ आले होते आणि नागपूरचा कुणी साहेब येऊन पहिली तोटी उघडून गेला, हे वडील भेटेल त्याला सांगत. तिथल्याच एका भाजीवाल्याच्या घरी तिला दिली.

"वावर कमी हाये त्याइचं," आई म्हणाली.

"वावराचं काय घेऊन बसली? पोरीच्या डोक्यावर पान्याचा गुंड तं नाई राह्यनार."

सणाला ती माहेरी आली की वडील आधी नळाचंच विचारत.

"पानी येते ना बरोबर?"

"हाव बाबा, धो धो येते. भांडं लावलं का भरलं."

वडील खूश होत. थोड्या वेळाने कुणी शेजारी आला की तिला पुन्हा तेच सांगायला लावत.

तिला मुलगी झाली. पोर रांगायला लागली त्या उन्हाळ्यात एक माणूस सांगावा घेऊन आला, बहिणीला पटकी झाली म्हणून. वडिलांनी दमणीला बैल जुंपले. आई आणि मी मागे बसलो. आम्ही पोचलो तेव्हा तिला स्मशानात नेलेलं होतं. तिची सासू पोर मांडीवर घेऊन दारात बसली होती. आईने तिथंच अंग टाकलं.

वडील आत गेलेच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी नळ होता, त्याची तोटी त्यांनी फिरवली. थेंब आला नाही.

"नळ काऊन बंद हाये?"

"भाऊ, उन्हाळा लागला का आमच्या गल्लीत पानी चढतच नाई," सासू म्हणाली. "बजारापर्यंतच येते. आमी मांगच्या विहिरीचं आनतो."

त्या विहिरीला लागूनच साऱ्या गल्लीची उघडी गटार वाहत होती. कठड्याचे दगड निखळले होते आणि फटींतून काळं पाणी आत झिरपत होतं.

"मले तं म्हने, धो धो येते."

सासूने पदर तोंडाला लावला. "म्या म्हटलं होतं, सांग तुह्या बापाले खरं. तं म्हने, नका सांगू आत्याबाई. बाबा लय खुशीत हायेत."

वडिलांनी विहिरीत वाकून पाहिलं. शेजारचा पोहरा उचलला, त्याचा वास घेतला आणि हळूच खाली ठेवला.

पोर आम्ही घेऊन आलो. तिथल्या डॉक्टरने पाणी उकळून पाजायला सांगितलं होतं. सरपण संपलं तर आई वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचायला जाई, पण कच्चं पाणी तिने त्या पोरीच्या ओठाला लागू दिलं नाही. बाया हसत. आई पुन्हा आधण ठेवी.

पोर जगली. बोलायला लागली तशी ती माझ्या आईलाच आई म्हणू लागली. आम्ही कुणी तिला अडवलं नाही. वडील मात्र ते ऐकलं की ताटावरून उठून बाहेर जात.