पाण्याला वाट

लग्न होऊन मी पिंपळीला आले, तेव्हा आमच्या खालच्या रानातला ऊस पिवळा पडला होता आणि जमिनीवर पांढरं मीठ फुललं होतं. कालव्याचं पाणी मुबलक, म्हणून सगळ्यांनीच उसाला वर्षानुवर्षं नुसतं पाणी पाजलं होतं. आता शेजारीपाजारी कालव्यालाच शिव्या घालत. मला त्यांचा भारी राग यायचा. रान बुडवलं आपण आणि दोष पाण्याला!

माझे सासरे मात्र पारावर चारचौघांत म्हणाले, "चूक माझी हाय. पानी आत घ्यायला पाट काढला, पर भाईर जायला वाट ठिवली न्हाय."

मग त्यांनी रानाच्या मधोमध, पार ओढ्यापर्यंत, खोल चर खणला. पिकाची जमीन चरात घालवली म्हणून लोक हसले. सासरे खणत राहिले. पावसाच्या पाण्याबरोबर मीठ चरात उतरत गेलं. त्या रानात आधी ताग पेरून खतासाठी गाडला, मग ज्वारी आली, आणि शेवटी पुरुषभर ऊस उभा राहिला.

तेव्हा तेच हसणारे शेजारी आमच्या दारात लावणीसाठी उसाचं बेणं मागायला आले.

सासऱ्यांनी त्यांच्या हातात कुदळ दिली.