हत्ताजोडीची डबी
परवा गॅस पेटवताना मनगटावरचे केस जळाले आणि त्या वासासरशी पाटोद्यातल्या आमच्या किराणा दुकानातली ती सकाळ आठवली. वडिलांच्या गल्ल्यात एक पितळी डबी असायची. तिच्यात शेंदूर, लवंगा आणि हत्ताजोडी, म्हणजे जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी, लाखात एखाद्यालाच सापडते म्हणतात ती मुळी. गळ्यात लिंग असलेला, अंड्यालाही न शिवणारा हा लिंगायत माणूस ती डबी कपाळाला लावल्याशिवाय धंद्याला बसायचा नाही. त्या बाजारच्या दिवशी ते तिला नवी लवंग वाहत होते, तेवढ्यात मेंढरांसाठी खडेमीठ घ्यायला आलेला म्हातारा मेंढपाळ डबीत डोकावला. "अण्णा, हे कावून ठेवलंय? मुळी न्हाई ही. नर घोरपडीचं खालचं आंग हाय, वाळवलेलं." गिऱ्हाइकं डबीकडे वाकली. "तोंड सांभाळ," वडील म्हणाले आणि त्यांचा हात किलोच्या वजनाकडे गेला. म्हातारा जागचा हलला नाही. "काडी लावून बघा की. मुळी असंल तर लाकडाचा वास येईल." वडिलांची पहिली काडी मोडली. दुसरी लागली. आधी नुसती लवंग करपली आणि मला हायसं वाटलं. मग तो वास आला, जळक्या केसांचा. वडिलांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला आणि मध्येच थांबला. याच हातानं त्यांनी ती डबी धरली होती. आता गल्ल्यावर मी बसतो. सकाळी शटर वर केलं की माझाही हात आपसूक गल्ल्यातल्या, डबी असायची त्या रिकाम्या कोपऱ्याकडे जातो, आणि मागे घेताना मी तो हुंगून बघतो.