आडवं नाही, बसून

अंबरनाथच्या रसायनांच्या कारखान्यात मी तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. निवृत्तीनंतर मी घरातल्या गॅसच्या नळीवर रोज भाषण द्यायला लागलो, तेव्हा बायकोनेच मला बदलापूरहून उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये पिटाळलं. तिथली, जीन्सच्या कारखान्यांत राबणारी दहा-बारा पोरंपोरी रविवारी जमायची. पूर आला, आग लागली तर वस्ती कशी वाचवायची, हे मी त्यांना शिकवायचो. शिकवायचो म्हणजे ओरडायचो.

खरं तर सगळी धडपड एका मावशीसाठी होती. नाल्याला लागून पहिली खोली तिची. दोन्ही गुडघे गेलेले. दारात बसून ती जीन्सचे सुटे धागे कापायची. नाला भरला की पाणी आधी तिच्याकडे येणार, म्हणून तिला उचलून गल्लीच्या टोकाच्या कारखान्याच्या माडीवर न्यायचं, असं ठरलं होतं.

मी स्ट्रेचर करायला शिकवलं. मंडपवाल्याकडून दोन बांबू आले. कापड कारखान्यातलं, जीन्सच्या खिशांना आतून लावतात ते. पांढरंशुभ्र. जखमी म्हणून मीच आडवा झालो आणि डोळे मिटले. बेशुद्ध माणूस बोलत नाही आणि उचलणाऱ्यांनीही बोलायचं नाही, हा माझाच नियम. चौघांनी मला खांद्यावर घेतलं.

थोड्याच वेळात गल्लीतला गलका थांबला. कुणीतरी गाणं बंद केलं. शटर अर्धी खाली आल्याचे आवाज आले. कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानदाराने हळूच विचारलं, "कौन गया, साईं?" पोरं शिस्तीची, कुणी उत्तर दिलं नाही. एक बाई म्हणाली, माणूस वाईट नव्हता, पण फार कटकट्या. हे खोडून काढायला मी उठून बसलो, आणि दुकानदाराच्या हातातला चहा त्याच्याच पायावर सांडला.

मावशीने दारातून सगळं पाहिलं होतं. मी तिला समजवायला गेलो, तर तिने कात्रीसुद्धा खाली ठेवली नाही.

"साहेब, मी आडवी एकदाच जाणार. त्याची घाई तुम्ही करू नका."

मी तिला अर्धा तास झापलं. घरी आलो तर जेवण जाईना. पाणी चढतंय आणि ही बाई हट्टाने खोलीत बसून आहे, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. मला भीती वाटत होती, आणि ती मीच माझ्या बांबूंनी ओढवून घेतली होती.

पुढच्या रविवारी आमच्यातली ओव्हरलॉक मशीन चालवणारी मुलगी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. खुर्चीच्या हातांना तिने जीन्सच्या पट्ट्या बांधल्या होत्या. मावशीला तिने एवढंच विचारलं, "बसून चालेल?"

"चालेल. पण साडी बदलते."

खुर्चीवरून न्यायची पद्धत माझ्या पुस्तकातही होती. त्यात काही शौर्य दिसत नाही म्हणून ते पान मी गाळलं होतं. मावशी मात्र खुर्चीत बसून दोन्ही बाजूंना हात हलवत निघाली. दोन्ही हातांनी खुर्ची धरा, म्हणून मी मागून बोंबलत होतो.

जुलैतल्या एका रविवारी, शिकवणी चालू असतानाच नाला गल्लीत आला. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौघांनी खुर्ची उचलली आणि मावशी धाग्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन माडीवर पोचली. मी सूचना देत गल्लीच्या मधोमध उभा होतो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि लक्षात आलं, की माझे पाय आता हलत नाहीत.

तेवढ्यात रिकामी खुर्ची परत आली. तिच्यामागे ती मुलगी.

मी चालत येतो म्हणालो. तिने पट्टीची गाठ ओढून पाहिली.

"बसा सर. आडवं नाही नेत तुम्हाला."

मी बसलो. कोपऱ्यावरचा दुकानदार माळ्याच्या खिडकीतून बघत होता; या वेळी त्याने कोण गेलं ते विचारलं नाही. अर्ध्या वाटेवर माझा हात आपोआप वर गेला, पुढच्या पोराला वळण दाखवायला.

"साहेब," मावशी माडीवरून ओरडली, "दोन्ही हातांनी धरा."

मी धरली.