टेलिफोन बोर्डावर शिकायला आलेली

ऐंशी साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. मी सातपूरच्या एका कारखान्यात टेलिफोन बोर्डावर होते. आठ तास कानावर हेडफोन, समोर दिव्यांच्या रांगा. दिवा लागला की वायर खुपसायची, विचारायचं आणि हवा तो माणूस जोडून द्यायचा. अकरा वर्षांनी उजवा कान ठणकायला लागला होता. त्यात नव्या मुलींना शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात. खरं सांगते, मला त्याचा वीट आला होता.

त्या वर्षी आली ती निफाडकडच्या खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातली. घरातली पहिली मॅट्रिक, नाशकात मामाकडे राहायची. कारखान्यातले सगळे नंबर तिने दोन दिवसांत पाठ केले. पण दिवा लागला की तिचा हात वायरवरच थांबायचा. आवाज फुटायचाच नाही. शेवटी वैतागून मीच फोन घ्यायचे. साहेब म्हणाले, “महिनाअखेर बघू. नाहीतर दुसरी आणू.”

एकदा डबा खाताना मी चिडूनच विचारलं, “अगं, फोन काय चावतो का तुला?”

“फोनचं नाय हो बाई,” ती डब्याकडे बघत म्हणाली. “तोंड उघडलं की लोकांना कळतं.”

“काय कळतं?”

“मी कुठली ते. शाळेत धडा वाचायला उभी राहिले की बाई दर ओळीला थांबवायच्या. पोरं हसायची. पहिल्या दिवशी तुम्ही टोकलं ना, तेच झालं परत.”

मला आठवलं. ती ‘कोन पाहिजे?’ म्हणाली होती. मी म्हटलं होतं, “कोन नाही, कोण. पुन्हा म्हण.” तिने पुन्हा म्हटलं होतं आणि त्यानंतर बोर्डावर तोंड उघडलं नव्हतं.

मी डबा बाजूला सारला. “माझं चुकलं,” मी म्हणाले. “यापुढे नाही टोकणार.” याहून मोठं काही बोलायची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती.

कॅन्टीनचे म्हातारे मुकादम माझ्या ओळखीचे. त्यांना सांगितलं, रोज अकराला फोन करून तिच्याशी दोन वाक्यं बोला. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “पोरी, आज वांगी हायेत, खाशील का?” तिने नुसती मान हलवली. फोनवर! मला हसू आलं, मग तिलाही. चौथ्या दिवशी ती त्यांना म्हणाली, “कालच्या डाळीत मीठ नव्हतं.” पुढच्या आठवड्यात स्टोअरचे आणि गेटचे फोन ती घ्यायला लागली. बाहेरचे मात्र माझ्याकडेच.

एका दुपारी माझा कान असा ठणकत होता की हेडफोन काढून मी डोळे मिटून बसले होते. मुंबईचा ट्रंककॉल आला, तिने वायर खुपसली. लाइन खराब. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की मलाही ऐकू येत होतं. “नेहमीच्या बाई कुठायत? त्यांना द्या!”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. पुढे लोक म्हणाले, बाईंनी मुद्दामच तिच्यावर टाकलं. तसं काही नव्हतं. मला खरंच हेडफोन कानाला लाववत नव्हता.

ती बोर्डाकडे वळली. मग म्हणाली, “साहेब, बोर्डावर मीच हाय. सांगा, कोन पाहिजे?”

मी हललेही नाही. तिने फोन जोडून दिला, उठून माठातलं पाणी प्यायली. मग परत येऊन बसली, कारण पुढचा दिवा लागला होता.

महिनाअखेर साहेबांनी काहीच विचारलं नाही. सहा महिन्यांनी ती कायम झाली. माझा कान मात्र कामातून गेला आणि मला हजेरी विभागात बसवलं. त्यानंतर नव्या मुलींना तीच शिकवायची. एकदा मी रजिस्टर घेऊन तिथून जाताना पाहिलं, शेजारी एक घाबरलेली मुलगी होती आणि ही तिला म्हणत होती, “आज तू काही बोलू नको. नुसती माझ्याजवळ बस.”

हे मला अकरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.