पेशींना ओव्हरटाइम

यंत्रमागाखाली रुई साचते, तसे दवाखान्यात किस्से साचतात; वेळीच झाडले नाहीत, तर कामात अडकतात. भिवंडीत मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे. सकाळी देवपूजा, मग रुग्ण. दवाखान्यात हसू नये, असा माझा नियम. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या क्रीमने तो वारंवार मोडला!

ही क्रीम त्वचेतील पेशींना निरोप धाडते : नव्या लवकर घडा, जुन्या लवकर सुटा. म्हणून आरंभी साले निघतात. हे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतो कोण?

अंजूरच्या हिराबाई सुनेला, दर्शनाला, घेऊन आल्या. चेहऱ्यावर मुरुमांचे डाग. मी बजावले, “दिवस राहिले, किंवा नुसती तशी शंका आली, तरी ही क्रीम लावायची नाही.”

“चार वर्सं देवाला हेच मागतंय,” हिराबाई म्हणाल्या. “अजून काय न्हाय. लावू द्या तिला!”

दर्शनाने मान खाली घातली. तो विषय माझ्याही मनातून गेला नाही.

महिन्याभराने दोघी परत. सुनेच्या गालांची साले निघत होती. हिराबाई कडाडल्या, “डाक्टर, मी सून आनली का नागीन? ही तर कात टाकते! नागपंचमीला दूध ठेवू हिच्यापुढं?”

दर्शना हसली. मी दुसरी ट्यूब दिली आणि तीच ताकीद पुन्हा दिली.

एका लूम मास्तरांना मी सांगितले होते, “रोज रात्री, वाटाण्याएवढी.” ते आले, तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा लाल.

“कितीदा लावलीत?”

“डॉक्टरसाब, अपने यहाँ डबल शिफ्ट चलती है। रात को भी, दिन को भी!”

मानकोलीच्या गोदामातील एका कारकुनांचा क्रीमवर विश्वास नव्हता. “जीवनसत्त्व निसर्गातून घेऊ,” म्हणून रोज गाजरांचा ढीग खाल्ला. तळहात पिवळे पडले. पत्नीने कावीळ समजून ती उतरवणाऱ्याकडे नेले. चुन्याच्या पाण्यात हात बुडवले, मंत्र झाला.

“मग?” मी विचारले.

“पाणी पिवळं झालं, डॉक्टर. हात होते तसेच!”

सोवळेओवळे पाळणाऱ्या एका आजींनी विचारले, “एकादशीला चालते का ही?”

“ती खायची नसते, आजी.”

“ओठांना लागली तर?”

मी एकादशी करतो. प्रश्न गंभीरपणे घेतला. “ओठ मिटून ठेवा. मौनाचेही पुण्य लागेल.”

शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी मला हात जोडले!

गेल्या महिन्यात हिराबाई पुन्हा आल्या, मागे दर्शना. तिने दुसरी ट्यूब टेबलावर ठेवली. सीलबंद.

“उघडलीच न्हाय?” हिराबाई चिडल्या. “का गं? डाग आवडाया लागले का?”

तीन महिने भरेपर्यंत तशी बातमी तोंडाने सांगायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. दर्शना पदराशी चाळा करीत पुटपुटली, “डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, आई... कधी लावायची नाही ते.”

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे पाहिले. त्यांनी सुनेकडे पाहिले, मग ट्यूबकडे. डोळे भरले. पण रीत ती रीत! त्याबद्दल एक शब्द न काढता त्यांनी ट्यूब उचलली, टोपण उघडले, आपल्याच गालावर बोट ठेवले आणि मला विचारले,

“डाक्टर, आज्जीच्या सुरकुत्या किती महिन्यांत जातील?”