गप्प बसलेला लहान मेंदू

माझे मांडे पारोळ्यात नावाजलेले होते. लग्नसराईत मी आणि माझी मोठी जाऊ मिळून ऑर्डरी घ्यायचो. तिला मी अक्का म्हणते. पुरण भरलेली पोळी आधी जराशी लाटायची, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची. त्यात ताकद फारशी लागत नाही, हातांचा मेळ लागतो.

त्या सकाळी कपडे वाळत घालताना माझ्या उजव्या हातातून चिमटा पडला. उचलायला वाकले, तर हात पुढे जाईच ना. अक्काला हाक मारली, ती तोंडातून भलतीच निघाली. अक्कानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला ओरडून सांगितलं, "गाडी काढा. आत्ताच्या आत्ता धुळ्याले चला."

डाव्या बाजूच्या मेंदूत गुठळी अडकली होती. वेळेत पोचलो म्हणून निभावलं, असं धुळ्याचे डॉक्टर म्हणाले. हळूहळू जीभ वळू लागली, पाय चालू लागला, हाताच्या मुठीत जोरही आला. घरातले खूश झाले. मी मात्र नव्हते. पेला उचलता यायचा, पण ओठांऐवजी हनुवटीवर आपटायचा. कढईत टाकलेलं मीठ ओट्यावर पडायचं. हात माझं ऐकत होता, फक्त नेमकं कुठे जायचं ते त्याला कळत नव्हतं.

तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी आम्हाला जळगावला मेंदूच्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी पुन्हा एमआरआय काढला, या वेळी मेंदूत रक्त कुठे किती खेळतं तेही पाहिलं. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "डावीकडची ही जुनी इजा. आणि हा इथे मागे, मानेच्या वर, लहान मेंदू. त्याची उजवी बाजू फिकी दिसतेय. तिकडे रक्त कमी जातंय."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "मार तर डावीकडे होता ना, डॉक्टरसाहेब? मग उजवीकडे दुसरा झटका आला का?"

"नाही. तिथली रक्तवाहिनी मोकळी आहे. तिथे इजा नाही."

"मग रक्त का कमी?" मी विचारलं.

"काम कमी म्हणून. ताई, डावा मोठा मेंदू उजवा हात हलवतो. पण तो हात किती पुढे न्यायचा, कुठे थांबवायचा, हे लहान मेंदू सांभाळतो. आणि तो आपल्याच बाजूचा हात सांभाळतो. म्हणून डावा मोठा आणि उजवा लहान अशी त्यांची जोडी. त्यांच्यातल्या वाटा मध्येच बाजू बदलतात. डावीकडून निरोप येईनासे झाले, म्हणून उजवा लहान मेंदू गप्प बसला."

"तो परत बोलू लागेल?" मी विचारलं.

"बऱ्याच जणांचा लागतो, काहींचा तसाच राहतो. हाताची सगळी डगमग याच्यामुळेच आहे, असंही मी छातीठोक सांगणार नाही. पण हाताला काम देत राहा. सोडू नका."

बाहेर आल्यावर मला रडू येईल असं नवऱ्याला वाटत होतं. मला भूक लागली होती. शेजारच्या खानावळीत आम्ही भरीत-पुरी मागवली. आजारापासून मी चारचौघांत डाव्या हातानं खात होते. त्या दिवशी उजव्यानं खाल्लं. पहिला घास गालाला लागला. नवऱ्यानं पाहिलं आणि स्वतःच्या ताटात बघून जेवत राहिला. ते मला फार बरं वाटलं.

घरी अक्काला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग काम दे ना त्याले. बठ्ठं व्हई जाई." सगळं होऊन जाईल, याची तिला खात्रीच होती.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी नाकाला बोट लावायला लावायची, मग तिच्या बोटाला. मी तुरीची डाळ एकेक वेचायचे, या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतायचे. कंटाळा यायचा. एकदा चिडून मी पेलाच भिंतीवर फेकला. तो जिथे मारायचा होता तिथे लागला नाही, आणि मला इतक्या रागातही हसू फुटलं. अक्काही हसत सुटली. मग तिनंच पोळीऐवजी झेलायला मोठा रुमाल ओला करून आणला. "पीठ वाया घालू नको. यानावर हात फिराव," म्हणाली. रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसून ओले रुमाल या हातावरून त्या हातावर झेलायचो. शेजारणींना वाटलं असेल, दोघींचं डोकं फिरलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी लेक माहेरी आली. अक्कानं खापर चढवलं आणि एक गोळा माझ्यासमोर सरकवला. माझा पहिला मांडा हातावरच फाटला, पुरण कोपरावरून ओघळलं. दुसरा जाड झाला, पण खापरावर पडला. तिसरा बराच पातळ झाला. मोठे मांडे अक्कानंच केले. ते आजही तीच करते, मी लहान करते. पुढच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी पडद्यावर पाहून सांगितलं की तो फिकेपणा पूर्ण गेलेला नाही, पण कमी झालाय.

त्या आखाजीला दुपारी गल्लीतल्या निंबाला पोरींनी झोका बांधला होता. लेक म्हणाली, "आई, बस ना." मी कितीतरी वर्षांत झोक्यावर बसले नव्हते, आणि आता तर तोल जायची भीती. पण बसले. दोन्ही हातांनी दोर धरला. लेकीनं मागून हळूच ढकललं.

"जोरात दे गं," मी म्हणाले.