न उचललेला चिरा

गावामागच्या कातळाच्या सड्यावरच्या आमच्या चिरेखाणीकडे आता कोणी फिरकत नाही. बाबा तिथे हाताने जांभा दगडाचे चिरे कापायचे. संध्याकाळी निघताना एक चिरा चारी बाजूंनी कापून तसाच ठेवायचे, उचलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने सुरुवात नको म्हणून. पुढे मशिनं आली आणि खाण बंद पडली. मग बाबाही गेले.

काल मी खाणीत उतरलो. तळाशी दारूच्या बाटल्यांचा खच. मेल्यांना टाकायला हीच जागा सापडली! चिडून बाटल्या बाजूला केल्या, तर खाली एक चिरा चारी बाजूंनी कापलेला.

घरून पहार आणली, फटीत घातली आणि परत काढून घेतली. तो उचलला असता, तर खाण खरोखरच बंद पडली असती.